तळातली वीस वर्षं

अर्ल वीव्हरच्या वडिलांचा सेंट लुईसमध्ये कपडे ड्रायक्लीन करण्याचा धंदा होता. त्या काळी गावात दोन मेजर लीग संघ होते, कार्डिनल्स आणि ब्राउन्स, आणि दोन्ही संघांचे गणवेश वीव्हरांकडे धुवायला येत. धुतलेले गणवेश पोहोचवायला वडील निघाले की मुलगाही बरोबर जाई. १९३०मध्ये जन्मलेल्या या पोराने मोठ्या खेळाडूंची खोली आतून पाहिली ती अशी, हातात त्यांचे कपडे घेऊन. त्याला तिथे स्वतःच्या गणवेशात शिरायचं होतं. शिरला तो अडतिसाव्या वर्षी, खेळाडू म्हणून नव्हे, आणि सेंट लुईसला तर नव्हेच.

मधली वीस वर्षं तो मायनर लीगमध्ये होता. मला लिहायचंय ते त्या वीस वर्षांबद्दल.

मी १९७४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावी नोकरीला आलो. झेरॉक्स आणि कोडॅक यांचं हे गाव. आमच्यासारखी मराठी इंजिनिअर मंडळी तेव्हा हळूहळू तिकडे जमायला लागली होती. सांगलीत क्लब क्रिकेट खेळून आलेल्या मला संध्याकाळी बॅट-बॉलचा आवाज हवाच होता, तो मिळाला नॉर्टन स्ट्रीटवरच्या सिल्व्हर स्टेडियममध्ये. तिथे खेळायचा रोचेस्टर रेड विंग्ज हा मायनर लीगचा संघ. हे मैदान १९२९मध्ये कार्डिनल्सनी बांधलेलं. त्यांनी १९५०च्या दशकात अंग काढून घेतलं तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून शेअर घेतले आणि क्लब स्वतःकडे ठेवला; ८,२२२ जणांनी मिळून, १९५७मध्ये. अमेरिकेत असं काही घडतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या शेअरवाल्यांपैकी काहीजण माझ्या आजूबाजूच्या बाकांवर बसत, आणि डाव संथ झाला की हमखास वीव्हरची गोष्ट निघे. १९६६ आणि १९६७ ही दोन वर्षं तो इथला मॅनेजर होता. मी आलो तेव्हा तो बाल्टिमोर ओरिओल्सचा, म्हणजे रेड विंग्जच्या वरच्या संघाचा, सर्वेसर्वा होऊन बसला होता.

मायनर लीग म्हणजे आपली रणजी किंवा कांगा लीग नव्हे, हे आधी सांगायला हवं. रणजीचा संघ स्वतःसाठी जिंकायला खेळतो. मायनर लीगचे बहुतेक संघ वरच्या एखाद्या मेजर लीग क्लबच्या हाताखाली असतात. खेळाडू वरच्या क्लबचा, त्याला कुठे पाठवायचं, कधी वर न्यायचं, कधी काढायचं हे वरूनच ठरतं. ही रचना रूढ केली ब्रँच रिकी यांनी, त्याच कार्डिनल्ससाठी, १९२०च्या दशकात: श्रीमंत क्लबांसारखे तयार खेळाडू विकत घेणं परवडत नसेल तर छोट्या गावांतले संघ हाताशी धरून स्वस्तात शेकडो पोरं वाढवायची. पायऱ्या होत्या 'डी', 'सी', 'बी', 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए'. 'डी'मधून निघालेली बहुतेक पोरं वाटेतच गळत. करारात अशी अट असे की खेळाडूला आपणहून दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे तुमच्या जागेवर वर कोण बसलंय, त्यावर तुमचं आयुष्य ठरायचं.

वीव्हरने सतराव्या वर्षी, १९४८मध्ये, कार्डिनल्सच्या करारावर सही केली. उंची पाच फूट सात इंच, जागा सेकंड बेस, हात चपळ, बॅट बेताची. पहिलं पोस्टिंग इलिनॉयमधलं वेस्ट फ्रँकफर्ट, अगदी तळाचा 'डी' वर्ग. मग मिसुरीतलं सेंट जोसेफ, मग विन्स्टन-सेलम, मग ओमाहा. दर वर्षी एक पायरी, दर वर्षी नवं गाव.

१९५२च्या वसंतात त्याला कार्डिनल्सच्या मुख्य शिबिराचं बोलावणं आलं. एकविशीतला पोरगा स्टॅन म्यूझियलच्या शेजारी उभा राहून सराव करत होता. म्यूझियल म्हणजे सेंट लुईसचा सर्वांत लाडका खेळाडू, लहानपणी ज्याचं नाव घेत झोपावं असा. पण सेकंड बेसवर आधीच रेड शेंडीन्स्ट होता, तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. शिवाय त्याच वर्षी नवे मॅनेजर आले एडी स्टँकी, ते मॅनेजर होते आणि खेळाडूही, आणि त्यांचीही जागा सेकंड बेसच. वीव्हरला परत खाली धाडलं. पुन्हा असं बोलावणं खेळाडू म्हणून कधीच आलं नाही. (म्यूझियल आणि वीव्हर हे दोघे पुढे एकाच दिवशी गेले, १९ जानेवारी २०१३ रोजी. सेंट लुईसच्या वर्तमानपत्रांना एका दिवशी दोन मोठे मृत्युलेख लिहावे लागले.)

त्यानंतरची त्याची तीन-चार वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दल लोक सगळ्यांत कमी बोलतात. ह्यूस्टन, ओमाहा, डेन्व्हर, न्यू ऑर्लीन्स. क्लब बदलला, कार्डिनल्स जाऊन पायरेट्स आले, पण माणूस तिथेच. हिवाळ्यात पोटासाठी मिळेल ते काम करायचं, एके काळी जुन्या मोटारी विकायचं. अशा वेळी खेळाडू दोनपैकी एक करतो. एक तर नशिबाला आणि क्लबला शिव्या देत पस्तिशीपर्यंत रेटतो, नाही तर घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसतो. वीव्हरने तिसरंच केलं. आपल्यात मेजर लीगपुरती कुवत नाही हे त्याने स्वतःशी कबूल केलं आणि खेळ मात्र सोडला नाही. पुढे तो हे उघडपणे सांगायचा, की ही कबुली आपल्याला फार जड गेली आणि तिनेच आपल्याला पुढे नेलं. ज्याने स्वतःचं असं मोजमाप केलं, त्याला दुसऱ्याचं मोजमाप करण्याचा अधिकार पोचतो असं मला वाटतं.

१९५६मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिल संघात तो खेळत असताना हंगामाच्या मध्यात मॅनेजरची जागा रिकामी झाली आणि ती त्याच्याकडे आली. पंचविशीतला, सेकंड बेसवर उभा राहून संघ चालवणारा मॅनेजर. पुढच्या वर्षी बाल्टिमोर ओरिओल्सच्या लोकांनी त्याला आपल्याकडे घेतलं आणि जॉर्जियातल्या फिट्झजेराल्डला पाठवलं. पुन्हा 'डी' वर्ग. मग जॉर्जियातलंच डब्लिन. मग साउथ डकोटातलं ॲबरडीन. मग विस्कॉन्सिनमधलं ॲपलटन, तिथल्या संघाचं नाव फॉक्स सिटीज. तिथे त्याने १९६०मध्ये अजिंक्यपद मिळवलं.

बेसबॉलचा मॅनेजर आणि क्रिकेटचा मॅनेजर यांत फरक आहे. आपल्याकडे मैदानावरचे निर्णय कॅप्टनचे. बेसबॉलमध्ये पिचर कधी बदलायचा, कोणाच्या जागी कोण बॅटिंग करणार, धावायचं की थांबायचं हे सगळं मॅनेजर डगआउटमधून ठरवतो, तेही खेळाडूंसारखाच गणवेश घालून. आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल पैसे मोजून केल्यासारखा असतो. 'डी' वर्गात यावर आणखी ओझं: तिथला मॅनेजरच प्रशिक्षक, तोच पिचिंगचा कोच, तोच अठरा-एकोणीस वर्षांच्या, घरापासून पहिल्यांदा लांब आलेल्या पोरांचा पालक. हंगाम संपला की कुठलं पोर ठेवायचं आणि कुठलं घरी पाठवायचं याचा अहवालही त्यानेच लिहायचा. वीव्हरने असे अहवाल वर्षानुवर्षं लिहिले. ज्या पोरांना घरी पाठवायचं, त्यांच्यात तो स्वतःला पाहत असणारच.

हा सगळा डोलारा त्या काळात पायाखाली खचतही होता. १९४९मध्ये देशात मायनर लीगच्या ५९ लीग होत्या आणि वर्षाला जवळजवळ चार कोटी लोक तिकीट काढून येत. मग घरोघरी टीव्ही आला, मेजर लीगचे सामने घरबसल्या दिसू लागले, आणि पंधराएक वर्षांत दोन तृतीयांश लीग बंद पडल्या. सेंट जोसेफची वेस्टर्न असोसिएशन १९५४मध्ये गेली. फॉक्स सिटीज ज्या 'थ्री-आय' लीगमध्ये होतं ती १९६१ला, त्याच्या तिथल्या शेवटच्या हंगामानंतर, कायमची मिटली. गावं मागे पडत गेली आणि तो वर सरकत राहिला.

१९६२ ते १९६५ तो न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला होता. आमच्या रोचेस्टरपासून हे गाव मोटारीने दोनेक तासांवर. तिथे पहिल्याच वर्षी त्याच्या हाती आला स्टीव्ह डॅलकॉव्स्की.

डॅलकॉव्स्की हे नाव मायनर लीगमध्ये आजही हळू आवाजात घेतलं जातं. चष्मा लावणारा, मध्यम उंचीचा डावखुरा पिचर, आणि चेंडूचा वेग असा की ज्यांनी पाहिला ते म्हणत, यापेक्षा वेगवान आम्ही कधीच पाहिला नाही. पण चेंडू कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसे. १९६०मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन संघासाठी त्याने १७० इनिंग्जमध्ये २६२ जणांना स्ट्राइक आउट केलं आणि बरोबर तेवढ्याच २६२ जणांना चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला. वर्षामागून वर्षं एकेक कोच त्याला शिकवायला येई: पाय असा उचल, खांदा असा ठेव, नेम इथे धर. तो आणखीच बिघडे.

वीव्हरने एल्मायरात आपल्या सगळ्या खेळाडूंच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या होत्या. त्यातून त्याने डॅलकॉव्स्कीबद्दल एक निष्कर्ष काढला. या मुलाला आजवर इतकं शिकवलं गेलंय की त्याच्या डोक्यात गोंधळ माजलाय, त्याच्यासाठी खरा उपाय म्हणजे कमी बोलणं. म्हणून त्याने सांगितलं, दोनच चेंडू टाक, फास्टबॉल आणि स्लायडर, आणि प्लेटच्या वर राहतील एवढंच बघ. सगळी ताकद लावू नकोस. दोन स्ट्राइक झाले, म्हणजे बॅटर बाद व्हायला एकच उरला, की मी डगआउटमधून शिट्टी मारीन, तेव्हा काय असेल नसेल ते सगळं लाव. त्या हंगामात डॅलकॉव्स्कीने १६० इनिंग्जमध्ये १९२ स्ट्राइक आउट केले आणि फुकटचे बेस उतरून ११४वर आले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला सांगलीतले आमचे एक सर आठवले, ते नेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर पोरांना एक नवी दुरुस्ती सांगत. हुशार होते, मनापासून शिकवत, आणि त्यांच्या हाताखालचे दोन चांगले बॉलर माझ्या डोळ्यांदेखत बॉलिंग विसरले. शिट्टी मारून गप्प बसायला केवढा धीर लागतो हे त्यामुळे मला कळतं.

डॅलकॉव्स्कीचा शेवट चांगला झाला नाही. १९६३च्या वसंतात ओरिओल्सच्या मुख्य शिबिरात त्याच्या मेजर लीग गणवेशाचं माप घेतलं गेलं, आणि त्याच सुमारास यँकीजविरुद्धच्या एका सराव सामन्यात त्याचं कोपर गेलं. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पुढे दारू, कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरी, आणि २०२०मध्ये कोविडच्या साथीत मृत्यू. त्याच्या कहाण्या ओरिओल्सच्या मायनर लीगमधून खेळाडूंच्या तोंडोतोंडी फिरत राहिल्या. तिथेच सेकंड बेसवर खेळलेला रॉन शेल्टन पुढे सिनेमावाला झाला, आणि त्याच्या 'बुल डरहॅम' या १९८८च्या चित्रपटातला तो भन्नाट पिचर डॅलकॉव्स्कीवरूनच आला.

वसंतातल्या शिबिराचं कामही वीव्हरकडे असे. जॉर्जियातल्या थॉमसव्हिलला ओरिओल्सचे सगळे खालचे संघ एकत्र सराव करत. क्लबचा आग्रह असा की 'डी' वर्गातल्या पोराने जो डावपेच शिकला, तोच त्याने 'ट्रिपल ए'मध्ये आणि बाल्टिमोरमध्ये वापरावा. बंट आला तर कोणी कुठे धावायचं, आउटफिल्डमधून आलेला थ्रो कोणी अडवायचा, सगळं एकसारखं. त्याला 'ओरिओल वे' म्हणत. त्या शिबिरात त्याच्या बरोबर राबणारा एक माणूस होता कॅल रिपकेन. फॉक्स सिटीजच्या १९६०च्या अजिंक्य संघाचा हा कॅचर, हाही मेजर लीगपर्यंत न पोचलेला, आणि पुढची चौदा वर्षं गावोगावच्या मायनर लीग संघांचा मॅनेजर. त्या १९६०च्या ऑगस्टमध्ये त्याला मुलगा झाला, त्याचंही नाव कॅल ठेवलं.

रोचेस्टरला वीव्हर १९६६मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी संघ लीगमध्ये पहिला आला. हिवाळ्यात तो प्वेर्तो रिकोत सांतुर्से संघ चालवायचा. पुढे ती जागा त्याने सोडली तेव्हा फ्रँक रॉबिन्सनला मिळाली, आणि हाच रॉबिन्सन १९७५मध्ये क्लीव्हलंडला मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर झाला. सिल्व्हर स्टेडियममधल्या माझ्या बाकावरच्या शेजाऱ्यांना मात्र वीव्हरचे अंपायरवरचे तमाशे जास्त आठवत. टोपी उलटी फिरवायची, म्हणजे टोपीची चोच अंपायरला लागणार नाही आणि नाकाला नाक भिडवून ओरडता येईल; मग पायाने धूळ उडवायची. मेजर लीगमध्ये त्याला नव्वदहून जास्त वेळा मैदानाबाहेर काढलं गेलं. रॉन लुचियानो नावाच्या अंपायरशी तर एल्मायराच्या काळापासून असं वैर होतं की पुढे अमेरिकन लीगने काही काळ त्याला ओरिओल्सच्या सामन्यांवर पाठवणंच बंद केलं. लोकांच्या लक्षात हेच राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. धूळ उडवणं कोणालाही जमेल.

११ जुलै १९६८ रोजी ओरिओल्सनी हँक बाउअरना काढून वीव्हरला मॅनेजर केलं. पुढची तीन वर्षं ओळीने त्याच्या संघाने १०९, १०८ आणि १०१ सामने जिंकले आणि १९७०मध्ये वर्ल्ड सिरीजही. मॅनेजर म्हणून एकूण विजय १,४८०, पराभव १,०६०. १९९६मध्ये हॉल ऑफ फेम. हे आकडे कुठेही मिळतात, त्यावर मी थांबत नाही.

थांबावंसं वाटतं ते त्याच्या कार्डांपाशी. संगणक डगआउटमध्ये येण्याच्या कितीतरी आधी वीव्हरकडे प्रत्येक बॅटरची प्रत्येक पिचरविरुद्धची कामगिरी कार्डांवर लिहिलेली असे. बूग पॉवेल हा त्याचा धिप्पाड होम रनवाला, १९७०चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण डेट्रॉइटच्या मिकी लोलिचपुढे त्याचं काही चालत नसे. लोलिच असला की वीव्हर पॉवेलला बसवून चिको सामनला उतरवू शके. सामन हा राखीव, बेताचा बॅटर, पण लोलिचला बरा खेळायचा. लेफ्ट फील्डला जॉन लोवेन्स्टीन आणि गॅरी रोनिकी यांना पिचर उजवा की डावा हे बघून आलटून पालटून खेळवलं; १९८२मध्ये एकाने २४ होम रन मारले, दुसऱ्याने २१. दोघांपैकी कोणीही एकटा स्टार नव्हता. शॉर्टस्टॉपला मार्क बेलांजर, मायनर लीगपासूनचा त्याचा खेळाडू, बॅटिंगची सरासरी .२२८ आणि फील्डिंगसाठी आठ गोल्ड ग्लव्ह. दुसऱ्या एखाद्या मॅनेजरने त्याच्या बॅटकडे बघून त्याला परत धाडला असता.

लोक याला आकडेशास्त्र म्हणतात, आज तर वीव्हरला त्या शास्त्राचा पूर्वज मानतात. मला मात्र त्या कार्डांत फिट्झजेराल्ड आणि ॲबरडीनचे अहवाल दिसतात. तळात काम करणाऱ्याला पूर्ण खेळाडू कधीच मिळत नाही. मिळतो तो अर्धा. एकाला हात आहे पण नेम नाही, दुसरा डावखुऱ्यापुढे वाघ आणि उजव्यापुढे शेळी. याला काय येत नाही हे सगळ्यांनाच दिसतं. याला नेमकं काय येतं, आणि ते कुठे कामाला येईल, हे शोधायला वीव्हरला बारा वर्षं आणि सात गावं मिळाली. बाल्टिमोरला त्याने दुसरं काही केलं नाही.

एल्मायरातून त्याने आणखी एक माणूस जोडला होता, तिथला मैदान राखणारा पॅट सँटारोन. तोही बाल्टिमोरला आला आणि दोघांनी मेमोरियल स्टेडियमच्या लेफ्ट फील्ड रेषेबाहेर, मैदानातच, टोमॅटो लावले. कोणाचा टोमॅटो मोठा यावर दरवर्षी त्यांची पैज लागायची.

१९८२च्या १ जुलैला वीव्हरने त्या १९६०च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला, धाकट्या कॅल रिपकेनला, थर्ड बेसवरून उचलून शॉर्टस्टॉपला ठेवलं. सहा फूट चार इंचांचा शॉर्टस्टॉप कोणी ऐकला नव्हता. ती जागा छोट्या, चपळ माणसांची. धाकटा रोचेस्टरमधूनच वर गेला होता, आणि आम्ही सिल्व्हर स्टेडियमवाले त्याला बहुतेक थर्ड बेसवरच पाहिलेले; गावात दोन दिवस याचीच चर्चा होती. त्याच वर्षाअखेर वीव्हर निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, ओरिओल्स जिंकले असते तर पुढे जाणार होते. मिल्वॉकीकडून १०-२ हरले. हरल्यावरही बाल्टिमोरचे लोक जागचे हलले नाहीत, त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावत राहिले. (तीन वर्षांनी क्लबच्या आग्रहाने तो दीड हंगामासाठी परतला. ते झालं नसतं तर बरं होतं.)

१९८२नंतर त्याच्या जागी आले जो ऑल्टोबेली. मी १९७४मध्ये पहिल्यांदा सिल्व्हर स्टेडियममध्ये बसलो तेव्हा रेड विंग्जचे मॅनेजर हेच होते. मेजर लीगमध्ये खेळाडू म्हणून थोडेच दिवस टिकलेले, बरीच वर्षं मायनर लीगमध्ये घालवलेले, रोचेस्टरलाच घर केलेले शांत गृहस्थ. १६ ऑक्टोबर १९८३ रोजी फिलाडेल्फियात वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना होता. डगआउटमध्ये ऑल्टोबेली, थर्ड बेसच्या कोचच्या जागी थोरले कॅल रिपकेन, शॉर्टस्टॉपला धाकटा, आणि आमच्या टीव्हीवर एबीसीच्या खोलीतून समालोचन करायला अर्ल वीव्हर. ओरिओल्स ५-० पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर गॅरी मॅडॉक्सने चेंडू सरळ शॉर्टस्टॉपकडे मारला, आणि त्या सहा फूट चार इंचांच्या पोराने तो झेलला.